माइकसमोर की कीबोर्डसमोर? घरच्या रेकॉर्डिंगसाठी संगणक आणि सॉफ्टवेअर निवडताना

घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलेली मंडळी बहुधा एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: कुठला लॅपटॉप घेऊ? मी आधी दुसरंच विचारतो. तुम्ही जास्त वेळ माइकसमोर बसणार आहात की सूर वाजवायच्या मिडी कीबोर्डसमोर? हे एकदा ठरलं की अर्धी निवड होऊन जाते, कारण ही दोन कामं संगणकाकडून अगदी वेगळी अपेक्षा ठेवतात.

गायकाचा आवाज माइकमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या खोक्यात, जातो, तिथून संगणकात, आणि परत फिरून हेडफोनमध्ये येतो. या फेरीला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. पण बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असते. ती चालू केली की आवाज संगणकाची फेरी न मारता थेट कानात येतो. त्यामुळे गाणाऱ्याला, गिटार किंवा तबला वाजवणाऱ्याला पाच-सहा वर्षं जुना संगणकही पुरतो. मिडी कीबोर्डवाल्याला ही पळवाट नाही. पट्टी दाबली की कीबोर्डमधून फक्त ‘हा सूर, इतक्या जोरात’ एवढा संदेश निघतो. पियानोचा किंवा व्हायोलिनचा आवाज संगणकच तयार करतो आणि त्याला उशीर झाला तर तो बोटांना जाणवतोच.

हा उशीर मोजता येतो. संगणक आवाज सॅम्पल म्हणजे बारीक नमुन्यांत मोजतो आणि बफर नावाच्या साठ्यात ठरावीक नमुने जमले की पुढे पाठवतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या वेगाने रेकॉर्डिंग करताना बफर १२८ सॅम्पलचा ठेवला तर एका बाजूचा उशीर सुमारे २.७ मिलिसेकंद होतो, ५१२ ठेवला तर १०.७ आणि १०२४ ठेवला तर २१. हवेत आवाज एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे १० मिलिसेकंद हे स्पीकरपासून साडेतीन मीटर लांब बसून वाजवण्यासारखं आहे. तेवढं चालून जातं. वीसच्या पुढे गेलं की हात लयीत अडखळायला लागतात. मग बफर कायम लहानच का ठेवू नये? कारण बफर जितका लहान, तितकी संगणकाला उसंत कमी. तो वेळेत काम उरकू शकला नाही की आवाजात कडकड ऐकू येते. म्हणून वाजवताना बफर लहान ठेवायचा आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, बसलं की मोठा करायचा.

मॅक की विंडोज

आवाजाच्या बाबतीत मॅकचा मोठा गुण म्हणजे तो कमी त्रास देतो. मॅकओएसमधली कोअर ऑडिओ ही यंत्रणा मुळातच कमी लेटन्सीसाठी बांधलेली आहे. बरेचसे यूएसबी इंटरफेस वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) न टाकता लगेच चालू होतात. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम-१ पासूनच्या चिप या कामाला दमदार आहेत, आणि मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. ज्या खोलीत संगणक आहे त्याच खोलीत बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक उघडायचा असेल तर या शांततेची किंमत कळते. संथ गाण्यातल्या दोन ओळींमधल्या जागेत पंख्याची घरघर एकदा रेकॉर्ड झाली की ती गाण्याला धक्का न लावता काढणं फार अवघड जातं.

मॅकची अडचण विकत घेतानाच येते. या चिपच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, जी घ्याल तीच शेवटपर्यंत. शिवाय मॅकओएसची नवी आवृत्ती आली की जुनी प्लगइन, म्हणजे वाद्यं आणि आवाजावरच्या परिणामांची जोड-सॉफ्टवेअर, बंद पडण्याचा धोका असतो. २०१९ मध्ये कॅटालिना या आवृत्तीने जुन्या ३२ बिट पद्धतीची सगळी प्लगइन एका फटक्यात निकालात काढली होती. गाणं अर्धवट असताना सिस्टीम अपडेट करायची नाही, हा नियम मी कसोशीने पाळतो.

विंडोजकडे निवड मोठी आहे. तेवढ्याच खर्चात बहुधा जास्त रॅम आणि जास्त जागा मिळते, आणि डेस्कटॉप असेल तर पुढे एकेक भाग बदलता येतो. पण आवाजासाठी विंडोजची स्वतःची वाट पुरेशी वेगवान नाही. म्हणून स्टाइनबर्ग कंपनीने काढलेला असिओ हा ड्रायव्हरचा प्रकार इथे लागतो. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर असेल तर उत्तम. असिओ४ऑल हा फुकट पर्याय मूळ विंडोज ड्रायव्हरवर चढवलेला मुलामा आहे. इंटरफेस येईपर्यंत त्याच्यावर भागवावं, पुढे नाही.

विंडोजची खरी पंचाईत वेगळीच आहे. कागदावर अगदी सारखे दिसणारे दोन लॅपटॉप आवाजाच्या कामात सारखे वागतातच असं नाही. माझ्या एका लॅपटॉपचा प्रोसेसर चांगला तगडा होता, तरी चारच ट्रॅकवर (एकत्र वाजणाऱ्या वेगवेगळ्या रेकॉर्डिंगवर) कडकड यायची. मी इंटरफेसला दोष दिला, केबल बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. शेवटी लेटन्सीमॉन हे छोटं फुकट साधन चालवलं तेव्हा कळलं, की वाय-फायचा ड्रायव्हर मध्येमध्ये सगळ्या यंत्रणेला थांबवून धरत होता. वाय-फाय बंद केलं आणि कडकड थांबली. विंडोज लॅपटॉप घेणार असाल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत लेटन्सीमॉन चालवून बघाच. आणखी दोन गोष्टी बघायच्या. एआरएम (मोबाइलमध्ये असतात तशा) चिपवर चालणारे विंडोज लॅपटॉप बॅटरीला छान असले, तरी त्यांना इंटरफेसचा खास एआरएमसाठी लिहिलेला ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर असिओ विसरा. आणि जुना संगणक घेत असाल तर तो विंडोज ११ चालवू शकतो का ते बघा, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

माझं मत स्पष्ट आहे. कीबोर्डवर काम करायचंय आणि लॅपटॉपच हवाय, तर मॅक. एका जागी ठेवायचा डेस्कटॉप चालेल आणि सेटिंगमध्ये डोकं घालायची तयारी आहे, तर विंडोज. फक्त गाऊन रेकॉर्ड करायचंय, तर आहे तोच संगणक ठेवा आणि पैसे माइक व इंटरफेसवर घाला.

लिनक्सवर आर्डूर, रीपर आणि बिटविग ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर चांगली चालतात, पण विकत मिळणारी बरीच प्लगइन चालत नाहीत. आधीपासून लिनक्स वापरत असाल तर जरूर करा. केवळ संगीतासाठी तिकडे जाऊ नका.

आता आतल्या भागांबद्दल. एका ट्रॅकवरची प्लगइन एकामागून एक चालतात, त्यामुळे ती साखळी बहुधा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडते. कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान हे आधी बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. रॅम १६ जीबी असावी. वाद्यवृंदाच्या सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संग्रह, वापरणार असाल तर ३२. डिस्कबद्दल अनेकांचा अंदाज चुकतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याचे वीस ट्रॅक ८६० एमबीत मावतात. डिस्क भरते ती सॅम्पल लायब्ररींनी. त्या बाहेरच्या एसएसडीवर ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

सॉफ्टवेअर: लॉजिक आणि रीपर

नव्या माणसासाठी खरी तुलना मला या दोघांत वाटते, कारण दोघांचा स्वभाव उलटा आहे.

संगणकांपैकी लॉजिक प्रो फक्त मॅकवर चालतं. मूळ जर्मन कंपनी एमॅजिक ॲपलने २००२ मध्ये घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. लॉजिक म्हणजे भरलेलं घर आहे. ड्रम, पियानो, सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्यं), तारवाद्यं, रिव्हर्ब (आवाजाला घुमार देणारं साधन), आवाजाचा सूर दुरुस्त करायची साधनं, सगळं आतच असतं. एकदा विकत घेतलं की झालं. २०१३ मध्ये लॉजिक प्रो एक्स घेतलेल्यांना २०२४ ची ११ वी आवृत्तीही वेगळे पैसे न देता मिळाली. मॅकवर फुकट मिळणाऱ्या गॅरेजबँडमधलं काम जसंच्या तसं लॉजिकमध्ये उघडतं. म्हणून मॅक घेतलेल्याने आधी गॅरेजबँडमध्ये दोन-तीन गाणी पूर्ण करावीत आणि मगच लॉजिककडे वळावं.

रीपर म्हणजे रिकामी पण भक्कम कार्यशाळा. विनॅम्प हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं हे काम. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, अगदी थोडी जागा घेतं आणि जुन्या संगणकावरही हलकं वाटतं. प्रत्येक बटण, प्रत्येक कळ आपल्या सवयीप्रमाणे बदलता येते. सोबत येणारी प्लगइन दिसायला रूक्ष असली तरी कामाला पक्की आहेत. वाद्यं मात्र नावापुरती. पियानो हवा तर तो बाहेरून आणून बसवायचा. म्हणून कीबोर्डवाल्याला रीपर पहिल्या महिन्यात उघडंबोडकं वाटतं. गाणाऱ्याला तसं वाटत नाही, कारण त्याचं वाद्य त्याच्या गळ्यातच असतं. दहा टेक (तेच गाणं पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंग) घेऊन त्यातले चांगले तुकडे जोडून एक सलग टेक बनवणं मला रीपरमध्ये सर्वांत सोपं जातं. घरगुती वापराचा परवाना स्वस्त आहे आणि तो दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतो.

लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ

बीटपासून गाणं रचणाऱ्यांसाठी हे दोन. एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आलं, ते मंचावर वाद्यासारखं वापरता यावं म्हणून. त्याच्या सेशन व्ह्यूमध्ये छोटे तुकडे चौकटीत मांडायचे आणि हवे तेव्हा वाजवून बघायचे. गाण्याचा आराखडा डोक्यात नसताना शोधत जाण्यासाठी याच्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. पूर्ण सूट आवृत्ती महाग आहे, पण अनेक कीबोर्ड आणि इंटरफेससोबत लाइट आवृत्ती मिळते. खोक्यातला कोड फेकून देऊ नका.

एफएल स्टुडिओचा जीव त्याच्या पियानो रोलमध्ये, म्हणजे पडद्यावर सूर मांडायच्या जाळीत, आहे. माउसने सूर मांडायचे तर ते इतकं सहज दुसरीकडे होत नाही. एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट, हे वचन कंपनीने वर्षानुवर्षं पाळलं आहे. पण सर्वांत खालच्या फ्रूटी आवृत्तीत माइकवरून ऑडिओ रेकॉर्ड करण्याची सोय नाही. बीटवर कुणी गाणार असेल तर थेट प्रोड्यूसर आवृत्ती घ्या.

क्यूबेस कागदावर स्वरलिपी लिहिणाऱ्या संगीतकाराला जवळचं वाटेल. प्रो टूल्स स्टुडिओंमध्ये रुजलेलं आहे, पण घरून स्टुडिओत काम पाठवायचं असेल तर प्रत्येक ट्रॅकची पहिल्या क्षणापासून सुरू होणारी वेव्ह फाइल दिली की भागतं. तेवढ्यासाठी प्रो टूल्स घ्यायची गरज नाही.

चाचणी आवृत्त्यांच्या अटी मात्र नीट वाचा. रीपर ६० दिवस आणि लॉजिक ९० दिवस पूर्ण वापरता येतं. माइक आणि इंटरफेस हातात येईपर्यंत ती टाकूच नका, नाहीतर निम्मी मुदत नुसती बघण्यात जाते. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती कितीही दिवस चालते, पण जतन केलेलं काम ती विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. तेव्हा खिडकी बंद करण्याआधी प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल काढून ठेवा.