युनोस रोडस्टर, १९९२ : सडलेल्या पत्र्याचा भाव कसा लावला

आमचे आण्णा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं पत्र्याचं काम करत होते. रत्नागिरीकडून आलेला ट्रक ते नंबरप्लेट न बघता ओळखायचे. खाऱ्या वाऱ्यानं चाकावरच्या पत्र्याला आतून फुगवटा यायचा. वरचा रंग जागच्या जागी असायचा, पण अंगठा दाबला की भाजलेला पापड मोडावा तसा आवाज यायचा. मी नर्सिंगला गेले, लग्नानंतर इंग्लंडातल्या कॉव्हेन्ट्रीला आले, आता सतरा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. गेल्या वर्षी मार्चमध्ये वूस्टरजवळच्या एका खेड्यात, एका निळ्या गाडीच्या दाराखाली गुडघे टेकून बसले होते, तेव्हा तोच आवाज पुन्हा ऐकला.

गाडी माझ्दाची. जगभर एमएक्स-५ म्हणून ओळखली जाते. जपानात माझ्दाने ती ‘युनोस’ नावाच्या वेगळ्या विक्रीसाखळीतून विकली, म्हणून तिकडून आलेल्या गाड्यांवर युनोस रोडस्टर असं नाव असतं. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या आत, आणि बटण दाबलं की वर येणारे दिवे. हे दिवे फक्त पहिल्या पिढीला, म्हणजे १९९७ पर्यंतच्या गाड्यांना आहेत. मला हवी होती ती हीच.

विकणारे गृहस्थ निवृत्त, बोलायला गोड. जाहिरातीत २,८०० पौंड मागितले होते आणि लिहिलं होतं, “थोडं वेल्डिंग लागेल. जपानी गाडी, त्यामुळे गंज कमी.” या दोन्ही वाक्यांची किंमत पौंडांत काढायची, एवढंच माझं काम होतं.

जायच्या आदल्या रात्री मी गाडीचा एमओटी इतिहास वाचला. एमओटी म्हणजे इथली दरवर्षीची सक्तीची तपासणी. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर २००५ पासूनचे निकाल फुकट दिसतात. जुनी गाडी घ्यायला निघालेली माणसं हे एक पान न वाचता शेकडो मैल जातात याचं मला फार वाईट वाटतं. या गाडीला २०१६ मध्ये डाव्या सिलच्या (दाराखालच्या पोकळ पेटीच्या) मागच्या टोकाला गंज असल्याची सूचना दिली होती. २०१८ मध्ये त्याच जागेवरून ती नापास झाली आणि दोनच दिवसांनी पास झाली. २०२० नंतर तपासणीच नाही. गाडी रस्त्यावर नसल्याची नोंद करून ती गॅरेजात उभी होती. दोन दिवसांत सिल नीट होत नाही. आण्णांना एका बाजूला चार दिवस लागायचे, तेही हाताखाली एक पोरगा असताना.

सिल म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. या गाडीला पक्कं टप नाही, त्यामुळे इतर गाडीत जो भार छत उचलतं तो इथे या दोन पेट्यांवर येतो. आणि त्या कुजतात आतून. कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटमागच्या दोन बारीक नळ्यांतून खाली जायचं असतं. पानं, माती साचून नळी तुंबली की ते पाणी सिलच्या पोटात उतरतं आणि तिथेच बसतं. बाहेरून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं खडेमीठ असतंच. चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून ते टनावारी निघतं. विकणाऱ्यांचं जपानचं म्हणणं खोटं नव्हतं, पण गाडी २००१ मध्ये इथे आली. त्यानंतर वीस हिवाळे तिने हेच मीठ खाल्लं.

मी बरोबर मोजक्या वस्तू नेल्या होत्या: ट्रॉली जॅक, दोन स्टँड, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक पोलादी पत्र्याला चिकटतं, पत्र्याच्या जागी भरलेल्या पुट्टीला नाही. (स्टँड लावल्याशिवाय नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. आण्णांच्या शेजारच्या शेडमध्ये काय झालं ते मी लहानपणी पाहिलं आहे.) चुंबक बॉनेटला लावलं तर चिकटलंच नाही. क्षणभर काळजात धस्स झालं, मग आठवलं की या गाडीचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं. पुढचे मडगार्ड पोलादी, तिथे ते घट्ट बसलं. दारांनाही बसलं. मागच्या चाकाच्या पुढे, सिल जिथे चाकाच्या कमानीला मिळतं तिथे लावलं आणि ते हातातून घसरून खाली पडलं. त्या भागावर दगड-खडी लागू नये म्हणून खडबडीत रंगाचा जाड थर असतो. त्याच्याखाली काहीही लपवता येतं.

मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता ७८ वर्षांचे आहेत, हात थरथरतात, कान मात्र शाबूत.

“चमक बघू नको,” ते म्हणाले. “वाजव. मडकं घेताना वाजवतीस की न्हाई?”

मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पुढून मागे वाजवत गेले. टण, टण, टण, आणि शेवटच्या वीतभरात बद्द.

“लांबी भरलीया,” आण्णा म्हणाले; लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी. “लांबीच्या आत पत्रा हाय का न्हाई, ते कापल्याशिवाय देवालाबी कळायचं न्हाई. तेवढं धरून भाव कर, बाळा.”

उजवी बाजूही तशीच निघाली, थोडी कमी. डिकीत बॅटरी असते, तिथला पत्रा मात्र स्वच्छ होता. चुकीची बॅटरी बसवली तर आम्ल गळून ती जागाही जाते, म्हणून मी कार्पेट उचलून पाहिलं.

इंजिनबद्दल मला काळजी कमी होती, आणि तुम्हीही तिथे फार वेळ घालवू नका असं सांगेन. हे १.६ लिटरचं इंजिन दणकट आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) ६०,००० मैलांना बदलायचा असतो, पण तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. थंड असताना वरून टिकटिक येत होती. ती बहुतेक वेळा जुन्या तेलामुळे हायड्रॉलिक लिफ्टरची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या भागांची) असते आणि तेल बदलून जाते. एक गोष्ट मात्र मोजायचीच. १९८९ पासून १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे, आणि पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही तर ते टोक झिजून अख्खा क्रँक निकामी होतो. समोरच्या पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर सुधारलेला. मी टॉर्च मारून आठ मोजल्या, दोनदा. बेल्ट बदलला आहे असं ते गृहस्थ म्हणाले, पण बिल नव्हतं. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असं धरूनच मी हिशेब केला. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. ते स्वतः दुसऱ्याच्या तोंडचं सांगत होते.

आता हिशेब. बऱ्याच लोकांची चूक इथे होते. ते मागितलेल्या किमतीपासून सुरू करून खाली घासाघीस करतात. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला हवी: हीच गाडी नीट असती तर आज कितीला गेली असती? आणि तेही जाहिरातीतल्या आकड्यानं नव्हे, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या भावानं. मी तीन महिने अशा गाड्यांचे भाव वहीत उतरवत होते. त्याच वर्षांच्या, त्याच इंजिनाच्या, धड पत्र्याच्या गाड्या ४,५०० ते ५,५०० पौंडांना गेल्या होत्या. मी ५,००० धरले. (डकार, मर्लो, ग्लेनईगल्स अशा खास आवृत्त्या इंग्लंडात निघाल्या होत्या, त्यांचे मालक जास्त मागतात. मला बिल्ला नको होता, पत्रा हवा होता.)

दोन्ही सिल, दोन्ही कमानी, वेल्डिंग आणि रंग यांचा अंदाज मी फोटो दाखवून एका पत्राकाम करणाऱ्याकडून घेतला होता: १,९०० पौंड. कापडी टपाची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकली होती, कापडही शिवणीवर उसवलेलं. नवं टप बसवून ४८०. बेल्ट आणि पाण्याचा पंप ३४०. मागचे दोन्ही ब्रेक कॅलिपर अडकलेले, या गाडीची ती नेहमीची तक्रार, १६०. टायरवर नक्षी भरपूर होती पण ते १४ वर्षांचे होते, चारांचे २४०. गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, म्हणून ट्रकवर घालून आणायचे १२०. एमओटीचे ५४.८५. एकूण ३,२९५ च्या घरात. पाच हजारांतून वजा केले की उरतात १,७०५. मग आण्णा म्हणाले ते, कापल्याशिवाय न दिसणारं. त्यासाठी मी पत्र्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा, ४७५ धरला. उरले १,२३०.

माझी स्वतःची मेहनत, पाच-सहा रविवार, यात धरलेली नाही. ती मी आनंदानं करणार होते. पण ज्यांना प्रत्येक बोल्टसाठी मेकॅनिक लावायचा आहे त्यांनी तीही वजा करावी. मग बहुतेक वेळा उत्तर शून्याच्या खाली जाईल, आणि ते उत्तर खरं असतं.

मी १,२०० सांगितले आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. ते रागावले नाहीत. त्यांनी २०१८ चं ते काम कुठल्याशा दुकानात चारशे पौंड देऊन करून घेतलं होतं आणि ते पक्कं आहे असं इतकी वर्षं मनापासून मानलं होतं. चुंबक पडताना त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. शेवटी १,४५० ला ठरलं. १०० पौंड इसार देऊन मी निघाले. हिशेबापेक्षा २२० जास्त का दिले? कारण त्यांनी जाता जाता टप उघडून दिवे वर केले, आणि मला ती गाडी सोडवेना. हे मी लिहून ठेवते आहे, कारण भाव करताना तो क्षण येतो आणि त्याचीही किंमत पडते.

एप्रिलमध्ये सिल कापली. मी मुद्दाम सुट्टी घेऊन समोर उभी राहिले. वरचा थर खरवडला, लांबी निघाली, तिच्याखाली जाळी, जाळीखाली जुन्या सडक्या पत्र्यावर ठिगळ. ठिगळाला सलग वेल्डिंगही नव्हतं, बोटभर अंतरावर नुसते टाके. सीटबेल्ट आणि सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आतलं असं काम नियमाप्रमाणे चालत नाही, पण तपासणाऱ्याला हलकं खरवडण्या-वाजवण्यापलीकडे रंग काढून पाहायचा अधिकार नसतो, म्हणून ते पास झालं असणार. आतली दुसरी भिंतही डावीकडे हातभर गेली होती, जॅक लावायची जागा धरून. वाढीव खर्च ६२० पौंड.

म्हणजे मला गाडी ५,३६५ ला पडली. ५,००० च्या गाडीला ३६५ जास्त. आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, न दिसणाऱ्या पत्र्यासाठी चौथा हिस्सा पुरत नाही, तिसरा धरा. तसा धरला असता तर या गाडीचा रास्त भाव १,१०० च्या आसपास होता. २,८०० कधीच नव्हता, अगदी इंजिन घड्याळासारखं चालत असलं तरीही. इंजिन दुसरं मिळतं. सिल जागेवरच घडवावी लागते.

आणि गाडी म्हणून? जूनमध्ये एमओटी पास झाली त्या संध्याकाळी मी फॉस वे धरला. हा रोमनांचा जुना सरळ रस्ता वॉरिकशायरमधून जातो. या इंजिनाची ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास, आजच्या मानानं काहीच नाही. पण गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीत पडतो, स्टिअरिंगमधून डांबराचा पोत हाताला कळतो, आणि ५० मैलांच्या वेगातही पूर्ण जागं राहावं लागतं. घोडा आणि स्वार एक व्हावेत, असं जपानी अभियंत्यांनी या गाडीबद्दल ठरवलं होतं. त्यासाठी ‘जिनबा इत्ताई’ असा शब्दच आहे त्यांच्याकडे. मला पटला. सुटे भाग अजून सहज मिळतात, ही या वयाच्या गाडीत फार मोठी गोष्ट. लंडनकरांनी मात्र एक लक्षात घ्यावं: ही गाडी तिथल्या स्वच्छ हवेच्या क्षेत्रात रोज १२.५० पौंड मागेल, आणि ४० वर्षं भरेपर्यंत त्यातून सुटका नाही. १९९२ च्या गाडीला त्यासाठी २०३३ च्या एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. तिथे राहत असाल तर तेही भावातून वजा करा.

कापून काढलेला सिलचा एक तुकडा मी पिशवीत घालून डिसेंबरमध्ये कोल्हापूरला नेला. आण्णांनी तो खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला, उलटा केला, नखानं खरवडला. “पाणी वरनं आलंया,” ते म्हणाले. “मीठ नंतर. आधी त्या नळ्या मोकळ्या कर.” गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी त्या नळ्यांतून बरोबर खालपर्यंत जाते. आता दर ऑक्टोबरात, पानं गळून झाली की, मी दोन्ही बाजूंनी ती घालते आणि वरून तांब्याभर पाणी ओतून खाली पडतं का ते बघते.