अडीचशे आसनांचं वैद्यकीय व्याख्यानगृह: प्रोजेक्टर उत्तम, दिव्यांची जोडणी चुकीची

नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं व्याख्यानगृह नव्या यंत्रणेसह पुन्हा सुरू झालं आहे. चढती गॅलरी, १४ रांगा, लेझर प्रोजेक्टर, भिंतीवर उभे स्पीकर आणि ऑपरेशन थिएटरमधून थेट चित्र घेण्याची सोय. एमबीबीएसची रोजची लेक्चर्स इथे होतात आणि सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांच्या संघटनांना सीएमईसाठी (डॉक्टरांच्या सतत चालणाऱ्या वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांसाठी) हा हॉल भाड्याने मिळतो. शिकवणाऱ्यांना आणि हॉल ठरवणाऱ्यांना उपयोगी पडेल एवढा तपशील इथे देत आहोत. आमचं मत आधीच सांगतो: यंत्रं चांगल्या दर्जाची आहेत, पण पडद्यावर पडणारा दिव्यांचा उजेड आणि एसीचा आवाज यांनी त्यांचा बराचसा फायदा खाल्ला आहे. दोन्ही दुरुस्त करायला नव्या यंत्रांच्या मानाने फारच थोडा पैसा लागतो.

चित्र ४.६ मीटर रुंद आहे आणि शेवटची रांग पडद्यापासून १८.५ मीटरवर. प्रोजेक्टर १९२० बाय १२०० चा, म्हणजे १६:१० प्रमाणाचा; नेहमीची १६:९ स्लाइड लावली की चित्राची उंची सुमारे २.६ मीटर उरते. आता हिशेब मांडा. स्लाइडवरची १२ पॉइंटची लहान अक्षरं शेवटच्या रांगेतल्या डोळ्याशी जेमतेम ५ आर्क मिनिटांचा (आर्क मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतात, म्हणजे नेत्रतपासणीच्या तक्त्यावरची ६/६ ची, सामान्य नजरेला जेमतेम वाचता येणारी ओळ. नंबर वाढूनही जुनाच चष्मा वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ती वाचता येणार नाही. २४ पॉइंटला तीच अक्षरं ६/१२ च्या ओळीएवढी होतात. या हॉलसाठी २४ पॉइंटच्या खाली जाऊच नका. जर्नलमधून जसाच्या तसा उचललेला तक्ता मागच्या चार रांगांना निरुपयोगी आहे. ज्या दोन ओळींबद्दल बोलायचं, तेवढ्याच नव्याने टाइप कराव्यात.

प्रोजेक्टर ६,५०० ल्युमेनचा (तो फेकतो त्या एकूण प्रकाशाचं एकक) आहे आणि या आकाराला तो पुरतो. पडद्यावर पांढऱ्या भागात सुमारे ४५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) उजेड पडतो. गोची काळ्या भागात आहे. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे प्रोजेक्टरचा प्रकाश जिथे पोचत नाही ती जागा. तिथे खोलीचा उजेड पडला की काळ्याचा राखाडी होतो. या हॉलमध्ये मंचावरचे आणि पहिल्या दोन रांगांवरचे एलईडी पॅनेल एकाच बटणावर आहेत. व्याख्याता दिसावा म्हणून ते चालू ठेवले की पडद्यावर ११० लक्स बाहेरचा उजेड येतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या भागातल्या उजेडाचं गुणोत्तर, ५:१ वर घसरतो. प्रोजेक्शनच्या कॉन्ट्रास्टसाठी आन्सी/इन्फोकॉम या अमेरिकन संस्थांचं २०११ सालचं मानक आहे: नुसतं बघण्यासाठी ७:१, साध्या निर्णयासाठी १५:१, बारकावे तपासण्यासाठी ५०:१ आणि पूर्ण हलत्या चित्रासाठी ८०:१. म्हणजे दिवे चालू असताना हा हॉल सर्वांत खालच्या पायरीलाही उतरत नाही. छातीच्या एक्स-रेवर न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची) बारीक रेघ, सीटीच्या लंग विंडोत ग्राउंड ग्लासची (धुरकट काचेसारखी) छटा, मनगटातलं केसाएवढं फ्रॅक्चर, हे सगळं पहिल्या रांगेलाही दिसत नाही आणि शिक्षक मात्र बाणाने दाखवत राहतात. तेच पॅनेल बंद केले की पडद्यावर ८ लक्स उरतात आणि कॉन्ट्रास्ट ५०:१ च्या वर जातो. प्रोजेक्टर तोच, पैसे तेवढेच.

उपाय सोपा आहे. पडद्यापासून पहिल्या चार मीटरमधले पॅनेल वेगळ्या सर्किटवर घ्यायचे, आणि व्याख्यात्यावर अरुंद झोताचा एक स्पॉट असा लावायचा की त्याची कड पडद्याला शिवणार नाही. इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम आहे. ते होईपर्यंत फॉल्स सीलिंगची टाइल उचलून पुढच्या ओळीतल्या पॅनेलांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) सोडवून ठेवायला सांगा. सगळा हॉल अंधारात बुडवू नका. दुपारी जेवणानंतरच्या लेक्चरला त्याचा परिणाम काय होतो हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे, शिवाय मुलांना वहीत लिहायचं असतं.

रंगांबद्दल एक सूचना. प्रोजेक्टर सुरू होतो तो ‘डायनॅमिक’ मोडमध्ये. या मोडमध्ये उजेड वाढवण्यासाठी हिरवा वर खेचला जातो आणि लेझर-फॉस्फर प्रोजेक्टरमध्ये मुळातच दुबळा असलेला लाल आणखी मागे पडतो. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या (पेशींचे नमुने रंगवण्याची नेहमीची पद्धत) स्लाइडवरचा गुलाबी मग विटकरी दिसतो आणि झील-नील्सन पद्धतीने (क्षयाचे जीवाणू दाखवणारी) रंगवलेल्या स्लाइडवरचे लाल जीवाणू निळ्या पार्श्वभूमीत हरवतात. रिमोटवर ‘कलर मोड’ दाबून ‘एसआरजीबी’ निवडा; उजेड थोडा कमी होईल, पण रंग खरे येतील. एक्स-रे आणि सीटीसाठी ‘डायकॉम सिम्युलेशन’ मोड आहे, त्यात राखाडी छटांच्या पायऱ्या डायकॉमच्या (वैद्यकीय चित्रांच्या मानकाच्या) चौदाव्या भागातल्या वक्राजवळ जातात. तो शिकवण्यापुरता आहे, निदानासाठी नाही, आणि रेडिओलॉजी संपली की परत ‘एसआरजीबी’ला या, नाहीतर पुढच्या पॅथॉलॉजीच्या लेक्चरचे रंग बिघडतात.

प्रोजेक्टर टांगणाऱ्यांनी काम मनापासून केलं आहे. लेन्स शिफ्ट (लेन्स सरकवून चित्र हलवण्याची सोय) वापरून चित्र चौकोनात बसवलं आहे, कीस्टोन (चित्राचा आकार डिजिटल पद्धतीने ताणून सरळ करणारी सोय) शून्यावर आहे. त्यामुळे बारीक रेषा धारदार दिसतात. रिमोटवरचं कीस्टोनचं बटण चुकून दाबलं गेलं तर चित्र कोपऱ्यात तिरकं होतं आणि अक्षरांच्या कडा विस्कटतात. मेनूत जाऊन शून्य करा, दुसरं काही हलवू नका.

पोडियमवर एचडीएमआय आणि यूएसबी-सी अशी दोन तोंडं आहेत, व्हीजीए नाही. तिथून प्रोजेक्टरपर्यंत ३५ मीटर अंतर आहे आणि त्यासाठी कॅट-६ या नेटवर्क केबलवरून एचडीबेसटी (एचडीएमआयचं चित्र लांबवर नेणारं तंत्र) वापरलंय, हे योग्यच. एवढ्या लांबीची साधी तांब्याची एचडीएमआय केबल भरवशाची नसते. तरी मधूनच चित्र दोन-तीन सेकंद काळं होतं. कारण केबलच्या ट्रेमध्ये बघितलं की कळतं: डेटा केबल एसीच्या पॉवर केबलला बांधून नेली आहे. कॉम्प्रेसर चालू होतो तेव्हा झटका बसतो आणि दोन्ही टोकांना पुन्हा जुळणी करावी लागते. केबल निदान ३० सेंटिमीटर दूर न्यायला हवी आणि ती शील्डेड असेल तर शील्डला नीट अर्थिंग हवं. सगळ्याच लॅपटॉपच्या यूएसबी-सी मधून चित्र बाहेर येत नाही, काही तोंडं फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. आपल्या लॅपटॉपवर चालणारा एचडीएमआय अडॅप्टर सोबत ठेवा. मॅकबुक जोडल्यावर पडद्यावर चित्र दिसतं पण रेकॉर्डिंग कोरं निघतं, तेव्हा स्विचरच्या (कोणतं चित्र पडद्यावर जाईल ते निवडणाऱ्या यंत्राच्या) त्या इनपुटवरचं एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) बंद करायला सांगा.

आवाजाचा भाग मात्र जास्त काम मागतो. एसी चालू असताना मधल्या रांगांत ४८ डेसिबल गोंगाट आहे. अशा खोलीत तो ३५ ते ४० च्या आत असावा, आणि शब्द नीट कळायला बोलणं गोंगाटाच्या १५ डेसिबल वर हवं. ऑपरेटर मग आवाज वाढवतो, माइक शिट्टी मारतो, तो पुन्हा कमी करतो. माइक किंवा स्पीकर बदलून हे सुटणार नाही. डक्टच्या तोंडावरच्या जाळ्यांतून हवा फार वेगाने बाहेर पडते, जाळ्या मोठ्या करून ब्लोअरचा वेग एक पायरी कमी केला की बराच फरक पडेल. ब्लोअरखालचे रबरी पॅडही बदलायला झाले आहेत, सातव्या रांगेत बाकाला हात लावला तरी थरथर जाणवते.

हॉलच्या मध्यावर छताला जादा स्पीकर आहेत, पुढच्या स्पीकरांपासून ९ मीटरवर. आवाजाला तेवढं अंतर कापायला २६ मिलिसेकंद लागतात. डीएसपीमध्ये (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात) छतातल्या स्पीकरांचा विलंब शून्य ठेवलेला आहे, त्यामुळे मागच्या रांगांना आवाज आधी छतातून आणि मग समोरून येतो आणि ‘हायपर’ की ‘हायपो’ हेच कळेनासं होतं. वैद्यकाच्या वर्गात याइतकी वाईट चूक नाही. विलंब ३५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला तर कान आवाजाचा उगम मंचावरच मानतात आणि शब्द स्पष्ट होतात. लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत होणारं काम आहे, देखभाल करणाऱ्या कंपनीकडून ते आग्रहाने करून घ्यावं.

कार्डिऑलॉजी शिकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. हृदयाच्या तिसऱ्या ध्वनीची बहुतेक ऊर्जा ७० हर्ट्झच्या खाली असते, मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होण्याची) घरघरही खालच्या पट्टीतली. इथले उभे स्पीकर त्या पट्टीत जवळपास गप्प असतात, आणि वर डीएसपीमध्ये बोलण्यासाठी लावलेला १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे ध्वनी गाळणारा फिल्टर) लॅपटॉपच्या चॅनेललाही लागू आहे. एऑर्टिक रिगर्जिटेशनचा (एऑर्टिक झडपेतून रक्त उलटं येण्याचा) उंच पट्टीतला मर्मर ऐकू येतो, तिसरा ध्वनी येत नाही, आणि मुलांना वाटतं आपलाच कान तयार नाही. लॅपटॉपच्या चॅनेलवरचा लो-कट काढायला हवा आणि एक सबवूफर घ्यायला हवा. तोपर्यंत ध्वनी हेडफोनवर ऐकवणं बरं.

कॉलर माइक दोन, हातातले दोन. कॉलर माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, मधोमध लावा. ओळखपत्राची दोरी, गळ्यातला स्टेथोस्कोप आणि साडीचा पदर किंवा ओढणी माइकवर घासली की कडकड आवाज येतो. स्टेथोस्कोप आणि ओळखपत्र टेबलावर काढून ठेवलेलं बरं. ट्रान्समीटर ॲप्रनच्या मागच्या बाजूला अडकवून पाठ रिसीव्हरकडे असेल तर ठीक, नाहीतर शरीर सिग्नल अडवतं. सेल प्रत्येक सत्राआधी नवे मागा. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी जागेवर माइक नाहीत, तेव्हा शिक्षकाने प्रश्न पुन्हा उच्चारावा, रेकॉर्डिंगसाठीही ते गरजेचं आहे.

ऑपरेशन थिएटरमधून येणारी जोडणी या हॉलची सगळ्यात जमेची बाजू. एंडोस्कोपी कॅमेऱ्याच्या कंट्रोल युनिटमधून एसडीआय (व्यावसायिक व्हिडिओचा) सिग्नल काढून तो फायबरवरून आणला आहे. अंतर जास्त असल्याने तांब्याच्या कोॲक्सवर तो टिकला नसता, आणि फायबरमधून वीज जात नसल्याने दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकाचा ५० हर्ट्झचा गुणगुणाटही येत नाही. लॅपरोस्कोपीचं चित्र जवळजवळ लगेच पोचतं. सर्जनशी दुतर्फा बोलताना मात्र सर्जनला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. त्याच्या कानाकडे जाणाऱ्या मिश्रणातून त्याचा माइक वगळायचा राहिला आहे. आणखी महत्त्वाचं: कंट्रोल युनिट चित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापतं. प्रक्षेपणाआधी ते बंद करा आणि रुग्णाची लेखी संमती घेतलेली आहे याची खात्री करा.

बसण्याची सोय ठीक. रांगांमध्ये पाय जायला जागा आहे, पायऱ्यांना दिवे आहेत, लिहिण्याची फळी मजबूत आहे. डावखुऱ्यांसाठी एकही आसन नाही. चाकाच्या खुर्चीची जागा फक्त पहिल्या रांगेच्या टोकाला आहे, तिथून पडदा तिरका दिसतो.

पावसाळ्याचा विचार या शहरात वेगळा करावा लागतो. खाडीकडची दमट, खारट हवा कनेक्टरवर हिरवा थर चढवते आणि सुट्टीत हॉल बंद राहिला की ध्वनिशोषक पॅनेलच्या कापडाला बुरशी धरते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी एसी आणि प्रोजेक्टर तासभर चालवावेत, माइकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. प्रोजेक्टरचा धूळ फिल्टर दर तीन महिन्यांनी साफ व्हायला हवा. आजूबाजूला बांधकामं चालू आहेत आणि फिल्टर तुंबला की तापमानाचा इशारा देऊन यंत्र भर लेक्चरमध्ये बंद होतं. वीज गेल्यावर जनरेटर पकडेपर्यंतच्या १०-१५ सेकंदांसाठी रॅकला (बाकीची यंत्रं ठेवलेल्या कपाटाला) यूपीएस आहे, प्रोजेक्टरला नाही. ३ केव्हीएचा एक यूपीएस दोघांनाही पुरेल.

हॉल भाड्याने घेणाऱ्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात: सुट्टीच्या दिवशी ऑपरेटर कोण आणि किती वाजेपर्यंत, कार्यक्रमाआधी किमान एक तास चाचणीसाठी, पुढचे पॅनेल बंद ठेवण्याची परवानगी, आणि रेकॉर्डिंग कोणत्या ड्राइव्हवर व कधी मिळणार. देखभालीच्या करारात तंत्रज्ञ ४८ तासांत येण्याचं कलम आहे, म्हणजे रविवारी सकाळी काही बिघडलं तर कार्यक्रम त्याच्याविनाच पार पाडावा लागेल. एक १५ मीटरची एचडीएमआय केबल, छोटा प्रोजेक्टर आणि तारेचा एक माइक आयोजकांनी जवळ ठेवावा. कनेक्टर आणि अडॅप्टर वाशीत मिळतात. बीएनसीसारखं (एसडीआय केबलचा कनेक्टर) काही लागलं तर मात्र मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठावा लागतो, आणि रविवारच्या कार्यक्रमासाठी ते शनिवारीच आणून ठेवायला हवं.