सोमवारचा एक तास: घरी फोन की मेल?

माझा धाकटा मावसभाऊ मिशनवर, म्हणजे आमच्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या धर्मप्रचाराला, निघालाय. कुठल्या देशात, ते पत्र अजून यायचंय. पांढरे शर्ट किती घ्यायचे आणि बूट कसले, ही यादी त्याला चर्चकडून मिळेलच. त्याने मला विचारलं ते वेगळंच. "दादा, पी-डेला घरी फोन करू की मेल लिहू?" पी-डे म्हणजे मिशनऱ्याचा आठवड्याचा मोकळा दिवस.

मी दोन्ही केलंय, आणि तेही जवळजवळ सारख्या मापाने. जुलै २०१८ मध्ये मी फिलिपिन्सला गेलो, टाक्लोबान मिशनमध्ये, आणि बराचसा काळ लेते बेटावरच्या ऑर्मोकमध्ये काढला. तेव्हा आठवड्याला मेल चालायची, फोन मात्र वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. १५ फेब्रुवारी २०१९ ला नियम बदलला आणि दर आठवड्याला फोन, व्हिडिओ कॉल, मेसेज सगळं खुलं झालं. त्या दिवशी आमच्या खोलीत दिवाळी होती. माझा अमेरिकन कंपॅनियन, म्हणजे मिशनमधला जोडीदार, पलंगावर उभा राहून नाचला होता.

सोमवार हा आठवड्यातला एकच मोकळा दिवस, आणि तोही म्हणायलाच मोकळा. बादलीत कपडे भिजवायचे, कॉलरी घासायच्या, बाजार, केस कापणं, मिशन प्रेसिडेंटना आठवड्याचं पत्र, जमलं तर आमच्या गटातल्या बाकीच्या एल्डरांबरोबर, म्हणजे मिशनरी पोरांबरोबर, बास्केटबॉल. संध्याकाळी सहाला परत टाय बांधून रस्त्यावर. त्यामुळे प्रश्न एका तासाचा आहे, आणि तो तास एकदाच खर्च होतो.

मेलचा त्रास मी लपवणार नाही. सुरुवातीला आम्ही नाक्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जायचो. यंत्रात पेसोचं नाणं टाकायचं की पडद्यावर मिनिटं उलटी धावायला लागतात. बाजूला शाळकरी पोरं गेम खेळत ओरडतायत, आणि आपण आईला उपासाच्या रविवारी कसं वाटलं ते लिहितोय. देवनागरी कीबोर्ड नाही, म्हणून मराठी रोमन लिपीत. माझ्या मेल वाचताना आईला मोठ्याने उच्चार करून बघावे लागायचे, तेव्हा कुठे शब्द लागायचा.

फोनचं तसं नाही. चेहरा दिसतो, आवाज येतो. आजी पडद्याला हात लावून बघायची आणि दर वेळी तेच विचारायची, "चहा तरी देतात का रे तिथे?" आमच्या चर्चमध्ये चहा चालतच नाही, हे तिला माझ्या बाप्तिस्म्यापासून सांगतोय. तिला ते धर्माचं वाटत नाही, हाल वाटतात.

अडीअडचणीला तर फोनच. २४ डिसेंबर २०१९ ला उर्सुला वादळ आलं, वीज गेली, आणि ठरलेला ख्रिसमसचा कॉल राहूनच गेला. सिग्नल आल्यावर सगळ्यात आधी गेला तो 'बरा आहे' एवढाच मेसेज. २०१३ च्या योलांडा वादळानंतर तिकडचे लोक वादळाचं नाव निघालं तरी गप्प होतात. अशा ठिकाणी पोरगा असताना आईला सोमवारच्या मेलची वाट बघायला लावणं बरं नव्हे. पुढे मार्च २०२० मध्ये साथीमुळे आम्हा परदेशी मिशनऱ्यांना घाईने परत पाठवलं, तेव्हाही विमानांची रोज बदलणारी बातमी फोननेच घरी पोचली.

एवढं सगळं असूनही फोन माझ्या मनातून उतरला, तो बाबांमुळे.

त्याआधी वेळेचा हिशोब बघा. फिलिपिन्सचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे आमचा पी-डे संध्याकाळी सहाला संपतो तेव्हा पुण्यात सोमवारचे साडेतीन वाजलेले. मोकळा दिवस सगळाच्या सगळा बाबांच्या कामाच्या दिवसावर येऊन बसतो. माझा तो नाचणारा कंपॅनियन युटाचा. तो सकाळी दहाला फोन लावायचा तेव्हा त्याच्या घरी रविवारची संध्याकाळ असायची, चर्च आटोपून सगळं घर सोफ्यावर. मी दहाला लावला की आमच्याकडे साडेसात. दूध उतू चाललंय, डबा भरायचाय, बाबांच्या अर्ध्या गालाला साबण. "बरा आहेस ना? घे, आईशी बोल." तेरा महिन्यांत बाबा यापेक्षा फार बोलले असतील असं मला वाटत नाही.

आणि हेच बाबा आधीचे सात महिने दर रविवारी रात्री मेल लिहीत होते. एका बोटाने, देवनागरीत. ते चर्चमध्ये येत नाहीत, माझं जाणंही त्यांना फारसं पटलेलं नव्हतं. पण सोसायटीच्या पाण्याच्या मोटरवरून झालेलं भांडण, गावच्या बांधाचा वाद, सगळं तपशिलाने यायचं. एकदा त्यांनी लिहिलं की गावाहून पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मेसचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि ते त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती मेल मी त्या गेमच्या गोंगाटात वाचली. मिनिटं संपली, तर आणखी एक नाणं टाकलं आणि पुन्हा वाचली.

फेब्रुवारीनंतर त्यांच्या मेल थांबल्या. विचारलं तर म्हणाले, "सोमवारी बोलतोच की आपण. आता लिहायचं काय?"

यावर मला उत्तर सुचेना. बोलत कोण होतं?

सगळ्यांना हे लागू होईल असं मी म्हणत नाही. मिंडानाओचा एक कंपॅनियन होता, त्याच्या घरी लिहिणारं कुणी नव्हतं. त्याची आई शेजारणीच्या फोनवरून बोलायची आणि तो दोन दिवस हसतमुख असायचा. मावसभावाचं घरही बोलकं आहे, मावशी फोनवर सगळ्या आळीची खबर देईल. शिवाय त्याला युरोपात पाठवलं तर त्याच्या दुपारी इथे संध्याकाळ असेल, मग माझं अर्धं रडगाणं गळूनच पडतं. पण त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, बाबांच्याच जातकुळीतले. त्याने पहिले दोन-तीन महिने फोनला हात न लावता मेलच लिहावी, असं मला आपलं वाटतं. एकदा फोनची सवय लागली की घरच्यांना पुन्हा लिहितं करणं अवघड जातं.

मी स्वतः ऑक्टोबर २०१९ मध्ये घरी सांगून टाकलं की आता फोन एक सोमवार सोडून. आई दोन आठवडे रुसली. तिसऱ्या सोमवारी बाबांची मेल आली. सुरुवात अशी होती: "मागे तू फोनवर विचारलंस कसे आहात, तेव्हा दाढी करत होतो. आता नीट सांगतो." आणि खाली दोन पानं, गुडघ्याबद्दल.