पोस्टग्रेसवर सतत अपडेट होणारी टेबलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

वाचनाच्या बाबतीत पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल तक्रारीला जागा नाही. सतत अपडेट होणाऱ्या टेबलांचं दुखणं मात्र पहिल्या आठवड्यात कळत नाही, काही महिन्यांनी वर येतं. क्वेरी तीच, इंडेक्स तोच, तरी अपडेट रेंगाळतं. अशा वेळी क्वेरीच्या मागे लागण्याआधी ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच कमिट (पक्के) होणारे बदलांचे गट, किती वेळ उघडी आहेत ते बघा.

पोस्टग्रेस जुनी ओळ जागेवर बदलत नाही, तिची नवी प्रत लिहितं. जुन्या, म्हणजे मेलेल्या प्रती व्हॅक्यूम ही सफाईची कमांड साफ करते. पण कुणी काहीतरी लिहून कमिट न करता ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं, की त्यानंतर मेलेल्या प्रती तशाच पडून राहतात.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये एकाच ओळीवर हजारो अपडेट. काउंटर किंवा शिल्लक असलेली ओळ घ्या. सुरुवातीची अपडेट झटपट होतात, मग प्रत्येक अपडेट आधीच्यापेक्षा हळू. चालू प्रत गाठायला आधीच्या प्रतींची साखळी ओलांडावी लागते आणि कमिटआधी ती साखळी तुटत नाही. इथे व्हॅक्यूम मारूनही उपयोग शून्य. बेरीज ॲप्लिकेशनमध्ये करा आणि शेवटी एकच अपडेट पाठवा.

तपासणी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीपासून, म्हणजे चालू सेशनच्या (जोडण्यांच्या) यादीपासून सुरू करा. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेनुसार लावा आणि 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसती बसलेली) सेशन शोधा. त्यांच्यासाठीचा टाइमआउट मुळात 0, म्हणजे बंद असतो. तो 5 मिनिटांवर तरी ठेवाच. सेशन लॉकवर अडकलं असेल तर पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज() अडवणाऱ्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देतं.

नंतर पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये एकूण अपडेट आणि हॉट अपडेट (नवी प्रत त्याच पानात, इंडेक्समध्ये नवी नोंद न करता) यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. हॉट फारच कमी असेल तर बदलणाऱ्या कॉलमवर इंडेक्स आहे, नाहीतर 8 केबीच्या पानात जागा उरत नाही. 'शेवटचा बदल कधी' या कॉलमवर सवयीने टाकलेला इंडेक्स इथे फार महाग पडतो, लागत नसेल तर काढा. जागेसाठी फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं ते) 100 वरून 85 करा, पण तो नव्याने भरणाऱ्या पानांनाच लागू होतो. जुनी पानं व्हॅक्यूम फुलने नव्याने लिहिली जातात. तेवढा वेळ टेबल वाचनालाही बंद राहतं, म्हणून ते भर कामाच्या वेळी चालवू नका.

मोठ्या टेबलांना ऑटोव्हॅक्यूमचा (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमचा) मूळ 0.2 स्केल फॅक्टर, म्हणजे ओळींच्या किती हिश्शाएवढ्या प्रती मेल्यावर तो सुरू व्हावा हे प्रमाण, पुरत नाही. 1 कोटी ओळींवर सुमारे 20 लाख मेलेल्या प्रती साठल्यावर ऑटोव्हॅक्यूम जागा होतो. त्या टेबलापुरता स्केल फॅक्टर 0.02 ठेवा.