घरच्या घरी शौचाची तपासणी : तीन किट, आठ महिने

शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त (ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची खूण असू शकते) शोधणारी तीन किट दिवाळीनंतर मागवली. एक आबांना (वय 67), एक आईला, एक मला. साडेअठराशे रुपये मोजले. ते कसं वापरायचं हे डब्यावर चित्रांसकट आहे, मला बोलायचंय ते त्यातल्या कागदाबद्दल.

नमुना पाण्यात पडायच्या आत झेलायला एक पातळ कागद देतात, कमोडच्या कडांना चिकटवायचा. आमचं घर शिवाजी पेठेतलं, संडास भारतीय. चिकटवायचा कुठं? आबांच्या पहिल्या खेपेला कागद सरळ पाण्यात. त्यांनी तसाच ओला नमुना नळीत घातला, म्हणजे किट वाया. सहाशे रुपये! "ह्या वयात आता ह्ये बी करायचं व्हय?" म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी दह्याचा रिकामा डबा धुऊन कोरडा करून दिला आणि माझं किट त्यांना दिलं. डब्यानं काम झालं.

रविवारचं मटण बंद करायचं का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीत मांसातल्या रक्तानंही निकाल चुकायचा. ही फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते. तांबडा रस्सा सोडायला लागला असता तर आबांनी किटला हातही लावला नसता.

आबांच्या निकालात सी रेघ (किट नीट चाललं हे दाखवणारी) ठळक, टी रेघ (रक्त सापडल्याची) इतकी फिकट की खिडकीपाशी तिरकी धरल्यावर दिसली. कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, "फिकट आहे, सोडून द्या, सहा महिन्यांनी परत करा." किटच खराब म्हणून मी पैसे परत मागायला निघालो होतो. मग सूचनापत्राच्या मागं बारीक इंग्रजीत सापडलं: रेघ कितीही फिकट असो, पॉझिटिव्हच. हे मराठीत, मोठ्या अक्षरात का नाही?

पोटविकाराच्या डॉक्टरांनी बजावलं की मूळव्याधीनंही रेघ येते, पण घरी परत परत तपासायचं नाही, कोलोनोस्कोपीच करायची, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पिताना आबा बेजार झाले. आत दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेले कोंब, निघाले, तिथंच काढले. बायोप्सीत कॅन्सर नाही, पण वर्षानुवर्षं ठेवले असते तर होऊ शकले असते.

म्हणून एक स्टार द्यायचा होता तिथं चार देतोय. एक कापला तो त्या हेल्पलाइनसाठी. कागदाचा राग अजून आहे, पण त्याला स्टार कापत नाही.

इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी सरकार असं किट पोस्टानं फुकट पाठवतं. आपल्याकडं स्वतःच आठवण ठेवायची. आईचं निगेटिव्ह आलं, तरी पॉलिपमधून रोज रक्त येत नाही, त्यामुळं दरवर्षी करायचं. आणि रक्त उघड दिसत असेल, वजन उतरत असेल, तर किटवर पैसे घालू नका, थेट डॉक्टर गाठा.

आईची पुढची तपासणी नोव्हेंबरात. दह्याचा डबा जपून ठेवलाय.