पंचवटीतला लाकडी घाणा: तेल एक नंबर, पण जवसाच्या तेलामागचा तो कागद आधी काढा

गेली चार वर्षं आमच्या घरात यांच्याकडचंच शेंगदाण्याचं तेल येतंय, दुकान मनापासून आवडतं म्हणूनच हे लिहितेय. शनिवारी सकाळी नऊच्या आत गेलात तर घाणा चालू सापडतो, दाणे तुमच्या डोळ्यासमोर पडतात, बाजूने गरम पेंड निघते, तेल आधी गढूळ दिसतं आणि दोन दिवस स्टीलच्या पिंपात निवळल्याशिवाय काका ते कोणाला देत नाहीत, कितीही घाई करा. लिटरला 380 रुपये पडतात पण फोडणी टाकली की वास जिन्यापर्यंत जातो. करडईचं पण छान असतं.

आता खटकलेली गोष्ट. काउंटरमागे जवसाच्या तेलाच्या बाटल्या आहेत आणि वर लॅमिनेट केलेला कागद, प्रोस्टेट कॅन्सरवर गुणकारी, गाठ विरघळते. आमच्या अण्णांना, वय 72, दिवाळीनंतर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडात थोडा पसरलेला. अण्णा तो कागद वाचून स्वतः बाटली घेऊन आले आणि हार्मोनच्या इंजेक्शनची तारीख जवळ आली तसं म्हणायला लागले, "अगं तीन महिने आधी हे घेऊन बघतो, इंजेक्शन कुठे पळून जातंय का." आठवडाभर घरात नुसते वाद, आई रडकुंडीला आलेली.

मी बारा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बनवते त्यामुळे हा आजार रोज हाताखालून जातो. प्रोस्टेटच्या बायोप्सीत शंका असली की आम्ही एएमएसीआर नावाचं एन्झाइम दाखवणारा स्टेन, म्हणजे रंग, लावतो, लॅबमध्ये त्याला नुसतं रेसमेज म्हणतात. कॅन्सरच्या ग्रंथींमध्ये बारीक तपकिरी कण भरलेले दिसतात, गुळाचा चुरा सांडल्यासारखे, आणि शेजारच्या चांगल्या ग्रंथी बहुतेक वेळा जवळपास कोऱ्या. हे एन्झाइम फाटे फुटलेली फॅटी अ‍ॅसिड जाळायच्या कामी येतं, जी आपल्याकडे दुधातुपातून पोटात जातात. प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला साखरेपेक्षा चरबीवर जास्त जगतो, म्हणून तर साखरेसारखं औषध टोचून करतात त्या नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये तो बरेचदा नीट चमकत नाही आणि डॉक्टर पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए नावाचं प्रथिन शोधणारा स्कॅन, करायला सांगतात.

पण यावरून तेल बदललं की गाठ उपाशी मरेल असं कोणाला वाटत असेल तर तसं होत नाही हो. ही पेशी बाहेरून मिळेल ती चरबी घेतेच, शिवाय फॅटी अ‍ॅसिड सिंथेज नावाच्या एन्झाइमने स्वतःची चरबी आतल्या आत बनवते, कारण एकीच्या दोन पेशी व्हायच्या तर नवीन आवरण लागतं आणि ते चरबीचंच असतं. आणि हे एन्झाइम वाढवायला लावतं कोण, तर टेस्टोस्टेरॉन. इंजेक्शन तिथेच घाव घालतं. टेस्टोस्टेरॉन तोडलं की हा आजार मागे हटतो हे हगिन्स आणि हॉजेस या डॉक्टरांनी 1941 मध्ये दाखवलं, हगिन्सना 1966 मध्ये नोबेल मिळालं. चमच्याने जवसाचं तेल पिऊन हे काम होणार नाही.

जवसावर अभ्यास झालेलाच नाही असं नाही. 2008 मध्ये अमेरिकेतला एक छापून आला, 161 पुरुष, त्यातल्या काहींना ऑपरेशनआधी साधारण महिनाभर रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस दिलं आणि त्यांच्या गाठीतल्या पेशी वाढायचा वेग कमी दिसला. पण ते दळलेलं जवस होतं, तेल नव्हे, आणि गाठ काढायची ऑपरेशनं ठरलेलीच होती, विरघळली असं त्यात कुठेही नाही.

शेवटी मी अण्णांना त्यांच्याच स्लाइडचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला, ते तपकिरी कण बोटाने मोठे करून करून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे सगळं आतच शिजतंय होय." दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घेतलं. तीन महिन्यांनी पीएसए, म्हणजे रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन, 64 वरून 3 वर आलंय. इंजेक्शनने पोट सुटतं, साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून रोज संध्याकाळी गोदाकाठी चालायला जातात आणि जेवणात आईने केलेली जवसाची चटणी असतेच, लसूण जरा जास्त घालून.

काकांशी बोलले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले कागद बाटल्यांबरोबरच आला होता, मुलाला विचारतो. गेल्या शनिवारी तिथेच होता. काका, माणूस घाबरलेला असताना असं वाचतो आणि तारीख पुढे ढकलतो, प्लीज काढा.

तेलाला पाच पैकी पाच, कागदामुळे दोन स्टार कापतेय, काढला की परत देईन. शेंगदाण्याचं तेल घ्यायचं असेल तर स्टीलचा डबा घरून न्या, भरून देतात.