थर्टीन की लेडी बर्ड: मुलीबरोबर कोणता पाहावा?

घरात चौदा-पंधराची मुलगी आहे, दारं आपटायचे दिवस सुरू आहेत, आणि कुणीतरी सुचवतं की दोघी मिळून एखादा आई-मुलीचा सिनेमा बघा. अशा वेळी इंग्रजीतली दोन नावं बहुतेक वेळा पुढे येतात: २००३चा ‘थर्टीन’ आणि २०१७चा ‘लेडी बर्ड’. दोन्ही कॅलिफोर्नियातले, दोन्ही घरांत पैशाची ओढाताण, दोन्ही पावणेदोन तासांच्या आत आटोपणारे. हॉली हंटर आणि लॉरी मेटकाफ या दोन्ही आयांना ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही सहायक अभिनेत्रीचं. (आई सहायकच असायची!) अमेरिकेत दोघांनाही ‘आर’ प्रमाणपत्र (सतराखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचा) आहे, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही. गोष्टी साधारण ठाऊक आहेत असं धरून पुढे लिहितो.

‘थर्टीन’चं पारडं एका बाबतीत निर्विवाद जड आहे. तो आतून आलेला आहे. दिग्दर्शिका कॅथरिन हार्डविक हिच्याबरोबर पटकथा लिहिणारी निकी रीड तेव्हा स्वतः तेरा वर्षांची होती. पटकथा सहा दिवसांत लिहून झाली आणि नायिकेला नादी लावणाऱ्या मैत्रिणीची, ईव्हीची, भूमिकाही निकीनंच केली. ‘हल्लीची मुलं’ म्हणून लांबून बघणाऱ्या मोठ्यांचा सूर त्यात कुठेच लागत नाही. सुरुवातच अशी: दोन मुली स्प्रेच्या डब्यातला वायू हुंगून बधिर झाल्या आहेत आणि एकमेकींच्या तोंडावर मारत खिदळताहेत, काहीच लागत नाही म्हणून. मग गोष्ट चार महिने मागे जाते. तिथली ट्रेसी, म्हणजे नायिका, हुशार आहे, कविता लिहिते, आणि तिच्या कपड्यांची शाळेत टिंगल होते. तिथून एका बाईच्या पर्समधले पैसे लांबवण्यापर्यंतची पायरी केवढी छोटी आहे, हे या सिनेमाइतकं स्पष्ट क्वचितच कुणी दाखवलं असेल.

तांत्रिक बाजू एका वाक्यात: सुपर १६ फिल्मवर, हातातल्या कॅमेऱ्यानं चित्रण, शेवटाकडे रंग उतरत जाऊन सगळं निळसर होतं, मोठ्या टीव्हीवर जवळ बसून पाहिलात तर डोकं दुखू शकतं.

आई मेलनी घरीच लोकांचे केस कापते, स्वतः दारूतून बाहेर आलेली आहे, आणि घर सगळ्यांना उघडं. लेकीच्या मैत्रिणीला दिवसेंदिवस घरात राहू देते, खाऊपिऊ घालते. कडक व्हायला गेलं तर लेक दुरावेल या भीतीनं ती तिची मैत्रीण होऊ बघते, आणि नेमकं जिथे आई हवी तिथे आई नसते. शेवटी लेकीच्या हातावरचे कापून घेतल्याचे व्रण समोर येतात. ती ‘सोड मला’ म्हणून ओरडत असताना मेलनी तिला घट्ट धरून ठेवते आणि त्या व्रणांचे मुके घेते. ते दृश्य विसरता येत नाही.

मग अडतं कुठे? ईव्हीपाशी. ‘थर्टीन’मध्ये बिघडवणारी मुलगी दारातून आत येते. सुंदर आहे, खोटं बोलण्यात पटाईत आहे, आणि ती आल्यावर सगळं घसरत जातं. आपल्याकडच्या आईबापांच्या जिभेवर यासाठी एक शब्द तयारच असतो: संगत. सिनेमा संपतो आणि सोफ्यावरून वाक्य येतं, ‘बघितलंस? म्हणून सांगत असते, कुणाबरोबर फिरतेस ते बघ.’ झालं. त्या वाक्याबरोबर मुलगी उठून खोलीत जाते.

सिनेमावर हा थोडा अन्यायच आहे, हे मान्य. ईव्हीला सांभाळणारी ब्रुक शेवटी येऊन उलट ट्रेसीनंच आमची मुलगी बिघडवली असं ठणकावते, आणि ट्रेसीच्या बाह्या वर करून व्रणही तीच दाखवते. दोन्ही घरं एकमेकींकडे तेच बोट दाखवतात. म्हणजे पटकथेला हा सापळा ठाऊक आहे. पण तोवर बघणाऱ्या आईचा निकाल लागून गेलेला असतो. शिवाय सगळं इतक्या टोकाला गेलेलं असतं की, ‘आमच्या घरात असलं काही नाही’ म्हणून सुटायला दुसरी वाटही मिळते. माझ्या लेखी हीच खोट निर्णायक ठरली.

‘लेडी बर्ड’मध्ये सुटायला अशी वाट नाही. दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगनं भांडणासाठी बाहेरचं कुणी आणलेलंच नाही. सॅक्रामेंटो, २००२-०३चं शालेय वर्ष, सतरा वर्षांची मुलगी (सर्शा रोनन), नोकरी गेलेला वडील, आणि मनोरुग्णालयात नर्स म्हणून जादा पाळ्या करणारी आई मॅरियन. भांडण कशावरून? अंघोळीनंतर दोन टॉवेल वापरले यावरून. मॅरियनचं म्हणणं, कामावर जायच्या आधी कपडे धुवायचे असतात, तुझ्या एका जादा टॉवेलनं माझा अख्खा दिवस बदलतो. हे ऐकून हसू न येणारी मराठी आई शोधावी लागेल.

जुन्या कपड्यांच्या दुकानातला प्रसंग लक्ष देऊन बघावा. मुलीला थँक्सगिव्हिंगच्या सणाला मित्राच्या आजीकडे जायचंय, म्हणून दोघी ड्रेस शोधताहेत. हँगर सरकवता सरकवता आई विचारते, दमलीस का, पाय ओढत चालते आहेस. मुलगी उसळते: पाय उचल म्हणायचं तर सरळ म्हण ना. आवाज चढत जातात, आणि मध्येच आईच्या हाताला एक ड्रेस लागतो. त्याच क्षणी दोघींचे सूर बदलतात, ‘अय्या, किती छान!’ मेळ कुणी घातला नाही, माफी कुणी मागितली नाही. आणि रात्री मॅरियन शिलाई मशीनवर तोच ड्रेस मुलीच्या मापाचा करत बसलेली दिसते. ‘थर्टीन’मधल्या त्या मिठीत जे आहे तेच इथेही आहे, फक्त रक्त न काढता.

आणि ही आई बोचरी आहे, हे विशेष. मुलगी चिडून म्हणते, मला वाढवायला किती खर्च आला तो आकडा सांग, कमवायला लागले की चेक लिहून देते म्हणजे पुन्हा बोलायला नको. त्यावर मॅरियन शांतपणे म्हणते, तेवढी चांगली नोकरी तुला लागेल असं वाटत नाही. इथे सोफ्यावर कुणीही कुणाकडे बोट दाखवू शकत नाही. दोघींनाही आपलंच ऐकू येतं.

‘लेडी बर्ड’ला त्रास नाहीत असं नव्हे. बराच विनोद कॅथलिक शाळा, कॉलेजांचे अर्ज, वेटिंग लिस्ट आणि आर्थिक मदत यांवर उभा आहे. मुलीला हे वेब सिरीजमुळे माहीत असतं, आईला नसतं. दर पाच मिनिटांनी थांबवून समजावलं तर लय जाते. आधी दोन मिनिटांत सांगून टाकावं की सरकारी कॉलेज परवडतं, न्यूयॉर्कचं परवडत नाही, आणि अर्ज आईपासून लपवून केलेला आहे. संवाद झरझर जातात, म्हणून सबटायटल्स चालू ठेवा, मग इंग्रजी कितीही चांगलं असो. अवघडायच्या जागाही आहेत: दोघी मैत्रिणी शाळेत लोळत हस्तमैथुनावर गप्पा मारतात ती सुरुवातीची, आणि पुढे मुलीचा मित्र काईल याच्या घरची. त्या वेळी चहा टाकायला उठलात तर कुणी काही म्हणणार नाही.

म्हणून माझा कौल असा. मुलीबरोबर बसणार असाल तर ‘लेडी बर्ड’. ‘थर्टीन’ आईनं एकटीनं, मुलगी घरात नसताना बघावा; त्यातून मेलनीची चूक तरी कळते. मात्र मुलगी स्वतःला इजा करून घेते अशी शंका असेल, तर ‘थर्टीन’ तिच्यासमोर लावूच नका. त्यात कापून घेणं जवळून दाखवलेलं आहे, आणि अशा वेळी सिनेमा हा उपायही नव्हे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, डॉक्टर आहेत. मुलगी एकोणीस-वीसची झाली असेल आणि तिनंच ‘थर्टीन’ निवडला, तर बसा. फक्त संगत हा शब्द काढू नका.

‘लेडी बर्ड’ लावलात तर प्रॉमच्या (शाळेतल्या शेवटच्या नाचाच्या) ड्रेससाठी दोघी ट्रायल रूममध्ये जातात तिथे रिमोट खाली ठेवा. मुलगी म्हणते, मी तुला आवडायला हवी होते. आई म्हणते, प्रेम आहेच की तुझ्यावर. मुलगी पुन्हा विचारते, पण आवडते का? मॅरियनला उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ लागतो. त्या वेळात शेजारी वळून बघू नका.